हौदावरचं नाव

इंदापूरला आमचं पेंडीचं दुकान होतं. पोत्यामागे पंचवीस पैसे धर्मादाय, ही बिलातली शेवटची ओळ. गोठेवाले, कोंबड्यावाले, खेड्यातले दुकानदार कुरकुर न करता ते द्यायचे. आमचे वडील, तात्या, त्या पैशांना अडीअडचणीतही हात लावत नसत. त्यातूनच त्यांनी भिगवण रस्त्याला मेंढरांसाठी पाण्याचा हौद बांधला. आजोबा मेंढरांमागे हिंडलेले. तात्यांना तहानलेलं मेंढरू बघवायचं नाही.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास आयकरवाल्यांची नोटीस आली. धर्मादायची रक्कम तुमच्या उत्पन्नात का धरू नये? मी तेव्हा बारामतीला बी.कॉम. करत होते, म्हणजे मला सगळंच कळत होतं.

"तात्या, दाखवा उत्पन्नात, भरा कर आणि व्हा मोकळे."

"कर भरंन गं. पर भरला म्हंजी पैका माजा हाय, असं मीच लिवून दिलं की. मग इतकी वरसं लोकांच्या धर्माचं खाल्लं म्हनायचं का?"

त्यांना घास गोड लागेना. मला त्यांचा राग यायचा आणि पोटात तुटायचंही.

बारामतीच्या वकिलांनी धीर दिला. "बिलात ओळ वेगळी, हिशेब वेगळा. गिऱ्हाइकाने धर्मासाठीच दिलेला पैसा तुमचं उत्पन्न होत नाही. पुरावा म्हणून हौदाचा फोटो तेवढा आणा."

फोटो धुऊन आला. हौदावर लाल ऑइलपेंटमध्ये ठसठशीत तात्यांचं नाव!

वकील हसले. "तात्या, हे तर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. साहेब म्हणतील, नाव तुमचं, तर पैसाही तुमचाच."

हा उद्योग आईचा होता. अंडी विकून साठवलेल्या पैशांतून तिने नुकताच गुपचूप पेंटर गाठला होता. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नाव कसं काढायचं ते तिने दुकानाच्या पाटीकडे बोट करून त्याला दाखवलं होतं.

"मानूस जातं," ती खाली मान घालून म्हणाली, "नाव तरी ऱ्हावं म्हनलं."

तात्या रागावले नाहीत. "तुजी माया कळती गं मला. पर त्यो पैका आपला न्हाय."

दुसऱ्या दिवशी दोघं रॉकेल आणि चिंध्या घेऊन हौदावर गेली. नाव आईनेच पुसलं. तात्या नुसते शेजारी उभे होते.

साहेबांपुढे तात्यांनी दोन्ही फोटो ठेवले, नाव असलेला आणि नसलेला, आणि झालं ते सांगून टाकलं. साहेबांनी बिलं पाहिली, हिशेब पाहिला. ही रक्कम उत्पन्न नाही, असा लेखी निकाल दिला. पैसे आपले नाहीत हे ऐकून एवढा खूश झालेला व्यापारी मी पुन्हा पाहिला नाही.

पुढे तात्या गेले. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी हौदावर त्यांच्या नावाची फरशी बसवायचं ठरवलं. मला तर ती फार हवी होती. विचारायला मंडळी घरी आली, तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली.

"नगा बसवू. त्यो त्यांचा न्हाय. सायबानं तसं लिवून दिलंय."