अण्णांच्या सायकलीची मोटार

"अण्णा चढावर बसलेत, उठंना झालेत," असा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. पोचलो तर चढावरच्या कडुनिंबाखाली गाव जमलेलं, सायकल स्टँडवर नीट लावलेली... आणि अण्णा गेलेले.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. माकणीहून रोज सायकलनं लोहाऱ्याला कापडाच्या दुकानात कामाला जायचे. दर प्रजासत्ताकदिनी झेंडावंदन झालं की मी त्यांना फेटा बांधायचो आणि पोरांना सांगायचो, "बघा, ह्या वयातसुद्धा पायडल मारत जातात." पोरं टाळ्या वाजवायची, अण्णा लाजायचे. मला वाटायचं, आपण त्यांचा मान करतोय.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. दम लागेल असं काही करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून लेकानं सोलापुरात सायकलच्या मागच्या चाकाला मोटार आणि कॅरिअरवर बॅटरी बसवून आणली. अण्णांनी काय करावं? त्यावर मोठी पिशवी टाकून सगळं झाकलं, आणि गावाचा चढ आला की बटन बंद करून पायडल मारायला लागले. मोटार बंद असली की अशी सायकल साध्या सायकलीपेक्षा जड जाते, ते सगळं ओझं पायानंच ओढावं लागतं. एकदा धापा टाकताना मी त्यांना गाठलं.

"अण्णा, चालू करा की."

"न्हाय रं. लोक काय म्हणतील? तू एवढा फेटा बांधतोस... बोलू नको कुणाला."

मी हसून बरं म्हणालो. खरं सांगतो, ते माझ्याही सोयीचं होतं. जानेवारीत पुन्हा फेटा बांधला आणि तेच भाषण ठोकलं.

तेराव्याला जो तो म्हणत होता, गड्यानं शेवटपर्यंत पायानं सायकल मारली. मी मान डोलावली. दारात उभ्या वहिनी माझ्याकडं बघत होत्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. लाज वाटली. अजून वाटते.

परवा त्यांनीच सायकल माझ्या हाती दिली. "भावजी, तुमीच वापरा. मला बघवत न्हाई." काल लोहाऱ्याहून येताना पिशवी काढून टाकली आणि मुद्दाम मोटार चालू ठेवून चढ चढलो. पारावर म्हातारी माणसं बसली होती. काय ऐकावं लागेल ते ऐकायचं, असं ठरवलंच होतं. एका आजोबांनी सायकल निरखली.

"अण्णाची न्हवं ही? मोटार बसवली व्हय मास्तर? लई ब्येस केलं. त्यो असतानाच बसवून द्यायची व्हती."

मी "व्हय" म्हणालो आणि खाली मान घालून घराकडं वळलो.