घोड्याच्या टापा आणि जानकीबायचे बोंबील

आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक बादली असते. पावसाळ्यात लोक तिच्यात छत्र्या ठेवतात आणि विसरून जातात. दिवाळीला बघावं तर पंधरा-वीस छत्र्या जमलेल्या असतात आणि मालक एकीचाही सापडत नाही. जुन्या काळच्या गोष्टींचंही डहाणूत हे असंच आहे! कोण आणून ठेवतं ते कळत नाही, न्यायला कोणी येत नाही, आणि टाकून द्यायला निघालात की चार माणसं धावत येतात, ‘अहो, ती आमची आहे!’

या असल्या छत्र्या तपासायचं काम मागे आम्हा चौघांच्या गळ्यात पडलं. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या ‘ऐतिहासिक स्थळां’ची यादी करायची, गोष्टींतलं खरंखोटं बघायचं आणि यादी वर पाठवायची. यादीत नाव आलं की त्या जागेला कुंपण, कमान, फरशी आणि एक सेल्फी पॉइंट मिळणार होता.

चौघांपैकी वनिताताई आमच्या ग्रंथपाल. त्यांना ‘पुरावा?’ हा एकच प्रश्न विचारता येतो आणि तेवढा त्यांना पुरतो. दामूशेठ नरपडचे चिकूवाले, त्यांना प्रश्नच पडत नाहीत. लक्ष्मणभाऊ तलासरीकडच्या एका शाळेत शिक्षक आहेत आणि बोलतात कमी. चौथा मी, निवृत्त इतिहास शिक्षक. छापलेलं सगळं खरं नसतं, हे मी वर्गात इतकी वर्षं ओरडून सांगितलं की शेवटी घसा बसला.

*

पहिल्याच बैठकीला जानकीबाय आली. वरोरकडे जाताना किनाऱ्याला एक गाव लागतं. नाव सांगत नाही, उगाच तिथे कमान उभी राहायची. जानकीबाय तिथे बोंबील सुकवते आणि बाजारात आणून विकते. समुद्राला लागून तिचा एक खडक आहे, त्यात ओळीने भोकं आहेत. तिच्या सासऱ्याने ती छिन्नीने पाडली. त्यांत बांबू रोवायचे, बांबूंना दोऱ्या बांधायच्या आणि दोऱ्यांवर बोंबील टाकायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून बांबू काढून घरात ठेवतात.

गेल्या पावसाळ्यात पाहणीवाले साहेब आले. त्यांना बांबू दिसले नाहीत, नुसती भोकं दिसली, आणि त्या घोड्याच्या टापा ठरल्या! आता खडकाला कुंपण पडणार होतं.

“मास्तर, वाळूत सुकवले तर कोण घेल?” जानकीबाय मला म्हणाली. “तो खडक यादीतून काढा. साहेब बोलतात, टापांचं छापलेलं हाय, तुमी उलटा कागद आणा. माझ्या सासऱ्यानं छिन्नी मारली, कागद नाय केला.”

छापलेलं म्हणजे काय ते वनिताताईंनी कपाटातून शोधून काढलं. एका जुन्या स्मरणिकेत अर्ध्या पानाचा मजकूर होता. भर भरतीच्या वेळी तीन घोडेस्वार समुद्रातून या खडकावर चढले आणि त्यांच्या घोड्यांच्या टापा कायमच्या उमटल्या, असे जाणकार सांगतात, वगैरे. खाली नाव होतं, ‘एक अभ्यासक’.

“कोण हा अभ्यासक?” वनिताताईंनी चष्मा वर करत विचारलं. कोणीतरी मोठा माणूस असणार, असं दामूशेठ म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण तो अभ्यासक मी होतो.

झालं होतं असं, की छपाईच्या दिवशी एका दुकानाची जाहिरात आली नाही आणि अर्धं पान रिकामं राहिलं. मुद्रक घाई करत होता. आदल्याच आठवड्यात, भर श्रावणात, मी तो खडक पाहिला होता. चहा थंड व्हायच्या आत मी तीन घोडेस्वार उभे केले!

हे त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण तिघंही माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणालो, “शहानिशा करू.” जानकीबायने मान हलवली. त्यानंतर ती प्रत्येक बैठकीला येऊन दाराशी बसू लागली, आणि प्रत्येक वेळी मला आपल्याच हातून आमटी खारट झाल्यासारखं वाटू लागलं.

*

यादीत पहिला नंबर भुयाराचा होता. दामूशेठच्या म्हणण्याप्रमाणे डहाणूच्या किल्ल्यातून निघालेलं भुयार थेट तलासरीच्या डोंगरात उघडतं. त्यांच्या आजोबांच्या काळात इकडून एक म्हैस आत सोडली होती, ती तिसऱ्या दिवशी तिकडून बाहेर आली.

“म्हैस कोणाची होती?” वनिताताई.

दामूशेठ म्हणाले, आजोबांच्या ओळखीतली होती. इतकी खात्रीची म्हैस मी इतिहासात दुसरी पाहिलेली नाही. वनिताताईंनी ‘म्हशीचा मालक: अज्ञात’ असं वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

 मग लक्ष्मणभाऊंनी सांगितलं, की तलासरीकडेही ही गोष्ट सांगतात, फक्त तिकडची म्हैस तिकडून आत गेली आणि डहाणूला निघाली.

दामूशेठ खूश झाले. दोन्ही तालुक्यांत एकच गोष्ट आहे म्हणजे भुयार आहेच!

“असेल,” लक्ष्मणभाऊ म्हणाले. “पण मधे त्या दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मागे कोण सरली, तेवढं विचारून घ्या.”

*

तलासरीत एका ओढ्यात मोठे दगड आडवे पडले आहेत. पांडव एका रात्रीत बांध घालत होते, मधेच कोंबडा आरवला, पांडव काम टाकून गेले, अशी त्याची कथा आहे. आम्ही बघायला गेलो. मी लगेच व्याख्यान सुरू केलं: अर्धवट दिसेल ते पांडवांच्या नावावर घालायची आपल्याकडे सवय आहे, शेकडो ठिकाणी हेच दगड आणि हाच कोंबडा, यात इतिहास काही नाही.

पाड्यावरची एक म्हातारी लाकडं घेऊन चालली होती. ती थांबली आणि तिने सगळं ऐकून घेतलं. मग ओढ्याच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे एका पुलाचे दोन खांब उभे होते, वर काहीच नव्हतं, सळया गंजून लाल झाल्या होत्या.

“हा पण त्यांचाच का?” तिने विचारलं.

वनिताताई म्हणाल्या, नाही आजी, हा सरकारी आहे.

“मंग इथं कंचा कोंबडा आरवला?”

आम्ही चौघं शिकलेली माणसं, पण त्या कोंबड्याचा शोध काही लागला नाही. बांध यादीतून गेला. पुलाचे खांब घ्यावेत का, यावर परतीच्या वाटेवर बरीच चर्चा झाली.

*

मग चिकू. डहाणूतलं चिकूचं पहिलं झाड कोणाच्या वाडीत लागलं, हा इथला फार नाजूक प्रश्न आहे. आम्ही अर्ज मागवले ही आमची चूक. सहा आले! प्रत्येकाच्या आजोबांनी किंवा पणजोबांनी ते झाड स्वतः आणलेलं होतं. एकाने बोटीतून, एकाने बैलगाडीतून, आणि एकाने तर कोटाच्या खिशात फळ लपवून. सहावा अर्ज दामूशेठचा होता.

मी सगळ्यांना वेड्यात काढलं. पुरावा नसताना माणसं खुशाल काहीही कशी सांगतात, असं मी जरा जोरातच बोललो. दाराशी जानकीबाय बसली होती. तिने माझ्याकडे पाहून मान डोलावली, हा माणूस आपलं काम करणार अशा विश्वासाने. 

शेवटी वनिताताईंनी तोडगा काढला. सहाही झाडांना पाटी द्यायची, मजकूर एकच: ‘पहिल्या झाडांपैकी एक’.

सहाही घरं समाधानी झाली. पुढच्या आठवड्यात सातवा अर्ज आला.

*

लक्ष्मणभाऊंच्या घरचा किस्सा त्यांनी स्वतः सांगितला. त्यांच्या पाड्यावर हल्ली एक गाइड पर्यटकांना घेऊन येतो. लक्ष्मणभाऊंच्या घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक काढलेला आहे, गेरूवर तांदळाच्या पिठाने. गाइडने भिंतीसमोर उभं राहून आवाज खोल केला आणि सांगितलं, की ही चित्रं दहा हजार वर्षांपूर्वीची आहेत. पाहुण्यांनी फटाफट फोटो काढले.

लक्ष्मणभाऊंची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. पाहुण्यांपैकी एका बाईंनी तिला विचारलं, ये किसने बनाया? आई म्हणाली, मी काढलं, नातीच्या लग्नात.

गाइड कसला डगमगतो! चित्र नवं आहे, परंपरा दहा हजार वर्षांची आहे, असं म्हणून तो पुढच्या घराकडे गेला.

संध्याकाळी लक्ष्मणभाऊ शाळेतून आले तेव्हा आई रागावलेली होती.

“तो माणूस माझं वय कुणाला विचारून सांगतो?”

*

पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि साहेब शेवटच्या पाहणीला खडकावर आले. आम्ही चौघं हजर होतो. गावातली अर्धी माणसं कमानीच्या बाजूची होती, तिचा रंगही ठरला होता. जानकीबाय आधीच येऊन खडकाच्या टोकाला बसली होती, शेजारी मासळीची पाटी उपडी घातलेली. साहेब आले तरी ती उठली नाही. गुडघे धरलेत म्हणाली.

साहेबांनी स्मरणिका उघडली आणि तो उतारा मोठ्याने वाचायला घेतला. ‘असे जाणकार सांगतात’ या वाक्यापाशी मला ते सहन होईना.

“साहेब, तो अभ्यासक मी,” मी म्हणालो. “ही गोष्ट मी रचली. अर्धं पान रिकामं होतं.”

दामूशेठचा चेहरा पडला. भुयारावरून मी त्यांची किती थट्टा केली होती! वनिताताईंनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही.  जानकीबायकडे तर बघवतच नव्हतं.

साहेब मात्र शांत होते. हा तुमचा मोठेपणा आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावलं, “पण सर, तुमचं म्हणणं तोंडी आहे. लेख छापील आहे.”

माझंच छापलेलं माझ्यावर उलटलं होतं, त्यामुळे मी खाली बसलो.

तेव्हा जानकीबायने बसल्या जागेवरून दोघी सुनांना हाक मारली. त्या बांबू, दोऱ्या आणि बोंबील घेऊन आल्या. एकेका भोकात एकेक बांबू गेला, पाचर ठोकली, दोऱ्या ताणल्या. मग दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या दोरीवर चढू लागल्या. वाऱ्याने वास साहेबांकडे नेला आणि साहेबांनी रुमाल काढला. कमानवाले जरा मागे सरकले.

तरी साहेब हटेनात. टापांचा असा वापर नंतरच्या काळात झाला असेल, असं त्यांनी सुचवलं.  जानकीबायकडे याहून दुसरं काही दाखवायला नव्हतं.

लक्ष्मणभाऊ बांबूंच्या ओळीपाशी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, लेखात घोडे तीन आहेत. तीन घोड्यांच्या टापा बारा. इथे अकरा बांबू आहेत, अकराच भोकं.”

साहेबांनी मोजले. मग उलट्या बाजूने मोजले. एखादा घोडा लंगडा असेल, असं दामूशेठ माझ्या कानात कुजबुजले आणि वनिताताईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

“लेखात नक्की तीनच घोडे आहेत?” साहेबांनी मला विचारलं.

तीनच, मी म्हणालो. मी तीनच का लिहिले होते, ते मला काही केल्या आठवत नव्हतं.

मग साहेबांचा चेहरा बदलला. छापील कागद आणि जागा जुळत नाही म्हटल्यावर त्यांना पुढे जाता येईना. त्यांनी फाइलीत लिहिलं, ‘तफावत आढळल्याने वगळावे’, सही केली आणि रुमाल नाकाला लावूनच जीपमध्ये बसले.

जीप वळणापलीकडे गेली. मी जानकीबायसमोर जाऊन हात जोडले आणि चूक माझी होती म्हणून सांगितलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि पुढच्या वेळी पान रिकामं राहिलं तर बोंबलाचं कालवण कसं करतात ते लिहा, असं सांगितलं. मग ती उठली, अगदी सहज. गुडघ्यांना काही झालेलं दिसत नव्हतं. तिने पाटी उचलली.

पाटीखाली एक भोक होतं. बाकीच्यांसारखं छिन्नीच्या कडांचं नव्हतं. कड गुळगुळीत होती आणि तळाशी भरतीचं थोडं पाणी साचलं होतं.

आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. वनिताताईंनी विचारलं, “जानकीबाय, यात बांबू का नाही रोवला?”

“त्यात आमी कधी रोवत नाय. ते सासऱ्याचं नाय.”

“मग कोणाचं?”

जानकीबायने पाटी डोक्यावर घेतली.

“ते घोड्याचं,” ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.