जेंट्स मागवतील ती लेडीज वाईन

गोंदियाजवळच्या एका बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या काठावर कोणीतरी रेती टाकली, छत्र्या लावल्या आणि नाव ठेवलं 'बीच रेस्टॉरंट'. ठेवा बापा. त्या एवढ्याशा पाण्याला समुद्र म्हणा, माझं काही जात नाही.

आज ताईचा पन्नासावा वाढदिवस. ती देवरीला नर्स आहे. भाऊजी गेल्यापासून एकटीच राहते. सकाळी फोनवर स्वतःहून म्हणाली, "एकदा वाईन चाखून पाहाची आहे मले." म्हणून दुपारी आम्ही दोघीच तिथे गेलो.

वाईनची लिस्ट मागितली तर वेटर म्हणतो, "मॅडम, ये फॅमिली सेक्शन है, यहाँ नहीं देते."

शेजारच्या टेबलावर एकजण बायको-पोरांसोबत बसून बिअर पिऊन राहिला होता. मी विचारलं, "मग त्यायले काऊन दिली?"

"वो तो जेंट्स है ना."

त्याच टेबलावरची लिस्ट मी उचलून आणली. रेड वाईन, व्हाईट वाईन, लेडीज वाईन. संपली लिस्ट. कुठली, कशी, गोड की तुरट, काही पत्ता नाही.

"ही लेडीज वाईन कोणासाठी?"

"लेडीज के लिए."

"मग आणा."

"जेंट्स ऑर्डर करेंगे तो लाएंगे, मॅडम."

मी मॅनेजरला बोलवायला उठले, तर ताईने हात धरला. "राहू दे, चाल घरी," म्हणाली आणि पर्स उचलून चालायला लागली.

माझं डोकं अजून तापलेलं आहे. तुम्हीच सांगा, एका ग्लासासाठी माझ्या ताईने आता जेंट्स कुठून आणायचा?