फ्रीजमधला हिवाळा

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात, आमच्या मजल्यावर, लिफ्टशेजारच्या घरात एक चिनी आजोबा राहायचे. मी त्यांना नुसतं 'अंकल' म्हणायचो. दारात त्यांनी कुंडीत लार्च वाढवलं होतं. देवदाराच्या कुळातलं, थंड देशातलं झाड. त्याच्या लाकडाच्या होड्या पाण्यात लवकर कुजत नाहीत, हे ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तशा कौतुकाने सांगत.

एकदा त्याच्या सुयांसारख्या पानांचा रंग पिवळा पडला आणि ती सगळी गळाली. मला वाटलं, गेलं झाड.

"मेलं नाही, लाह. दमलंय," तिथल्या बोलीतला 'लाह' जोडून असं म्हणत त्यांनी कुंडी उचलून जुन्या रिकाम्या फ्रीजमध्ये ठेवली. सिंगापूरला हिवाळा नाही, तर तो असा द्यायचा.

माझं पीएचडीनंतरचं संशोधन, पोस्टडॉक, तेव्हा संपत आलं होतं आणि पुढच्या नोकरीचं काही ठरत नव्हतं. येता-जाता मी विचारायचो, "अंकल, जगलंय ना? उघडून बघू या?"

एके दिवशी ते फ्रीजच्या दारावर हलकेच थोपटत म्हणाले, "झोपलेल्याला उठवून, झोप लागली का, असं विचारतात का?"

त्या संध्याकाळी पुण्याहून बाबांचा रोजचा फोन आला. "काय रे, कुठे जमलं का?"

"बाबा," मी म्हटलं, "थोडे दिवस विचारू नका."