त्याची चांगली इनिंग

आमच्या ह्यांना ईमेल येतात. तशा त्या सगळ्यांनाच येतात, पण हे त्या वाचतात आणि सकाळी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतात. छपराचं गटर साफ करून देऊ. ऐकू कमी येतं का? अभिनंदन, तुमचं कर्ज मंजूर झालं. ‘अगं, आपण कर्ज मागितलं होतं का?’ आयुष्यभर पुलांची डिझाइन्स केलेला हा माणूस रिटायर झाला आणि भामट्यांना उत्तरं लिहायला लागला. ‘डिअर सर, आय अ‍ॅम नॉट इंटरेस्टेड.’ खाली पूर्ण नाव. उत्तर दिलं की त्यांना कळतं इथे कुणीतरी वाचतंय, मग आणखी येतात, हे सांगून मी थकले. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, तर मात्र ह्यांना ऐकू येत नाही.

मला बेसबॉलचा नाद लागला तो मुलामुळे. लहान असताना त्याने मला सोफ्यावर शेजारी बसवून नियम शिकवले होते. माझ्या चुकांना खदखदून हसायचा. त्याचं मराठी तेव्हाच आटत चाललं होतं आणि माझं इंग्रजी हॉस्पिटलच्या लॅबपुरतं होतं. पण ‘आई, वॉच हिज फीट’ म्हणाला की मला बरोबर कळायचं. आता तो नोकरीसाठी लांब शॉमबर्गला असतो, विमानाने जावं लागतं. फोनवर तब्येत, हवा, कामाचा ताण एवढं झालं की आम्ही दोघंही गप्प होतो. अशा वेळी मी आमच्या टीमच्या डावखुऱ्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, विषय काढायचे. हा पिचर टीममध्ये नवीन आला तेव्हा मुलगा कॉलेजात होता, आणि तोच म्हणाला होता, ‘आई, धिस गाय इज अवर्स.’ मी ते धरून बसले.

मग पिचरचं कोपर गेलं. ऑपरेशन झालं, एक अख्खा सीझन फुकट गेला, त्यात वर्तमानपत्रवाल्यांनी तो संपल्याचं लिहिलं. या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी तो परत खेळणार असं कळलं, तेव्हा मी दोन तिकिटं काढली. ह्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ‘घरी एकटा बसून काय करू?’ म्हणून यायला तयार झाले.

निघायच्या वेळी मी चपला घालून दारात उभी, आणि हे कॉम्प्युटरसमोर.

‘अगं, थांब. माझ्या खात्यातून पैसे कापताहेत. अँटिव्हायरस रिन्यू झालाय म्हणे. या नंबरवर फोन करायचा आहे.’

‘अहो, आपल्याकडे ते अँटिव्हायरस आहे तरी का?’

‘म्हणूनच तर विचारायला नको?’

फोन लावलाच होता. पलीकडचा माणूस गोड बोलत होता आणि हे त्याला आमच्या बँकेचं नाव सांगत होते. मी हातातून फोन ओढून घेतला. त्यावर आमचं भांडण झालं. ‘तू मला मूर्ख समजतेस,’ हे म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. आमच्या एडिसन स्टेशनवरून सुटणारी ट्रेन तोवर निघून गेली. रविवारी पुढची यायला तासभर लागतो. तो तास आम्ही प्लॅटफॉर्मवर एकमेकांकडे पाठ करून काढला.

स्टेडियममध्ये जागेवर पोचलो तेव्हा पहिली इनिंग नुकतीच संपली होती. शेजारची बाई हातातलं पॉपकॉर्न सांडेपर्यंत टाळ्या वाजवत होती. ‘यू मिस्ड इट,’ ती म्हणाली. आमच्या पिचरने तिघांना एकामागून एक उडवलं होतं. एकाच्याही बॅटला बॉल लागला नव्हता.

दुसऱ्या इनिंगला तो पुन्हा आला. पँटला हात पुसायची त्याची सवय तीच होती. पहिल्या बॅटरला चार वाइड टाकले. तो बॅट न फिरवताच पहिल्या बेसवर चालत गेला. दुसऱ्यालाही तेच. मी त्याच्या पायांकडे पाहत होते. पाय चुकीचे पडत होते. तिसऱ्याने बॉल सरळ गॅलरीत टोलावला. मग लोक ओरडायला लागले, आणि मघाची टाळ्यावाली बाई सगळ्यात मोठ्याने. कोच बाहेर आला, त्याच्या हातातून बॉल घेतला, आणि पिचर मान खाली घालून गेला.

‘हाच का गं तुझा?’ ह्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, ह्यांना खरंच माहीत नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मी उठून जिन्यापाशी गेले आणि मुलाला फोन लावला.

‘आई? इज एव्हरीथिंग ओके?’

‘तो परत आला होता रे. दुसऱ्या इनिंगलाच काढला त्याला.’

‘हू?’

मी नाव सांगितलं.

‘ओह. ही स्टिल प्लेज?’ तो म्हणाला. मग त्याला माझा आवाज काहीतरी वेगळा वाटला असावा. ‘आई, आय डोंट रिअली फॉलो इट एनीमोअर. फॉर इयर्स नाऊ. आय थॉट यू न्यू.’

म्हणजे इतकी वर्षं मी मॅचचं सांगायचे आणि तो ‘नाइस’, ‘दॅट्स टू बॅड’ म्हणायचा, ते मला बरं वाटावं म्हणून. मनाने चांगला आहे तो. पण त्या क्षणी तो आणखी एकदा खोटं बोलला असता तर मला परवडलं असतं. मी ‘बरं, जेवलास का’ विचारलं आणि फोन ठेवला.

मॅच संपेपर्यंत बसलो, कारण ह्यांना नाचोज संपवायचे होते. परतीच्या ट्रेनमध्ये हे झोपले. तो पिचर पुढच्या आठवड्यात टीममधून गेला. कुठे गेला ते मी शोधलं नाही.

मॅचच्या त्या संध्याकाळी घरी येऊन मी खिचडी टाकली. ‘दोन पापड भाजशील का?’ ह्यांनी विचारलं. पापड समोरच्या डब्यात होते. संपले म्हणून सांगितलं.