फळ्याचा खालचा अर्धा

आमच्या घरात माझ्याकडे एकच खातं आहे, गोष्टी सांगायचं. लग्नघरातली जेवणं आटोपली की कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढतं आणि मी सुरू होतो. कोणत्या आत्याने मांडवातून कोणाच्या चपला घालून आणल्या, कोणता मामा कशावरून रुसला — सगळं मला पाठ, आणि नसलं तर जागच्या जागी तयार. पण एक गोष्ट मी कधीच सांगितलेली नाही. बायकोला नाही, दादाला नाही. देवासमोरही नाही — त्याला ठाऊक असेलच, असं धरून चाललो. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मलाही नीट कळलेलं नाही.

आधी फळ्याचं सांगायला हवं.

पंचवटीत आमच्या चौकात, मंडळाच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. मोबाईल यायच्या आधीचे दिवस. चौकाला जगाची खबर त्या फळ्यावरून मिळायची. वरचा अर्धा माझा — राजकारण, सिनेमा, समाजाचं एकूण कसं चाललंय ते. खालचा अर्धा दिवाकरचा — खेळ. ही वाटणी कोणी बसून ठरवली नव्हती. दिवाकर बुटका होता, त्याचा हात वर पोचायचा नाही, एवढंच. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान फळ्याला लागूनच. मॅच असली की तो सारखा बाहेर यायचा, जुना स्कोअर तळव्याने पुसायचा, नवा लिहायचा आणि खडूचा हात पँटला पुसून आत जायचा. फळ्यावर नाव घालायचं नाही, ही पद्धत. लांबून वाचता यावं म्हणून दोघंही सारखीच मोठी, ठोकळ अक्षरं काढायचो. गरजही नव्हती. वर म्हणजे मी, खाली म्हणजे दिवाकर, हे चौकातल्या म्हशींनाही माहीत होतं.

मी जुन्या वळणाचा माणूस. तेव्हाही होतो, आजही आहे. या गोष्टीने माझी मतं बदलली असं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. 'सरकार पुन्हा पडले. सुदैवाने कोणालाही दुखापत नाही.' — हे माझं. 'केबल आल्यापासून घरोघरची भांडणे थांबली. सर्वजण आता दुसऱ्यांची भांडणे पाहतात.' — हेही माझं. 'आपले फलंदाज मैदानापेक्षा जाहिरातीत जास्त वेळ टिकतात,' हे मात्र दिवाकरच्या हद्दीतलं, म्हणून त्याला विचारून लिहिलं होतं. लोक सायकलवरून उतरून वाचायचे. कचेरीत दिवसभर फायलीवर 'सादर' एवढंच लिहिणाऱ्या माणसाला त्याची केवढी चटक लागते, काय सांगू? दिवाकर मला 'संपादक' म्हणायचा. चिडवायला म्हणायचा. पण त्यात थोडं कौतुकही असायचं — की मलाच तसं वाटायचं?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं भांड्यांचं दुकान. घर एकच, खाली तो, वर आम्ही. त्याची वैशाली तेव्हा अकरावीत होती. आमची वैशू पळायची. लहानपणापासून तिला कुठेही चालत जाताना कोणी पाहिलं नव्हतं. दळण आणायलाही ती पळतच. ते दिवाकरने हेरलं. त्याला ना बायको ना पोर. होतं ते सगळं खेळाचं वेड. पहाटे तो घड्याळ घेऊन तिला त्र्यंबक रोडच्या मैदानावर न्यायचा. सोबत वहिनी असायची. ती कट्ट्यावर बसून मेथी निवडायची, दिवाकर घड्याळ बघायचा, वैशू फेऱ्या मारायची. बूटही दिवाकरनेच आणले, पांढरे, निळ्या पट्टीचे. आणि पळताना हाफपँट. साडी नेसून कोण पळणार?

तिची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. दादा तयार नव्हता. दिवाकर दुकानाच्या पायरीवर बसून बसून त्याला मनवत राहिला. शेवटी दादा म्हणाला, "जाऊ दे बुवा, जा घेऊन." मी घरी पेढे आणले. खरंच आणले.

त्याच सुमाराला सौंदर्यस्पर्धांचं पेव फुटलं होतं आणि मी फळ्यावर त्यावर तुटून पडलो होतो. आपल्या मुली, आपली संस्कृती, अंगभर कपडे — पार वरपासून माझ्या अर्ध्याच्या काठापर्यंत. लोकांना आवडलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गेलो, तर एकजण बशीत चहा ओतता ओतता म्हणाला,

"काय बाळासाहेब, फळ्यावर नऊवारी आणि घरात हाफपँट?"

सगळे हसले. वाईट नाही हसले, चौकात हसतात तसेच. मीही हसलो. चहाचे पैसे दिले आणि निघालो. पण कान तापलेले. तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्याने? हो. एवढ्या-तेवढ्यानेच.

दुपारी आमच्याकडे दुकानं बंद असतात. चौकात कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवाकर जेवायला गेला होता. मी कचेरीतून डोकं दुखतंय सांगून आलो, खडू घेतला, आणि — लिहिलं. खालच्या अर्ध्यात. दिवाकरचा स्कोअर पुसून.

'क्रीडावार्ता : आपल्या आळीतील एक सुकन्या पहाटे अर्ध्या कपड्यांत धावते. घाई समजू शकतो. पण उरलेले कपडे घालण्याइतकाही वेळ नसावा?'

शब्दन् शब्द आठवतो. दुर्दैवाने वाक्य जमलं होतं.

मला वाटलं काय होतं? घरच्यांनाही सोडत नाही, असं दाखवायचं होतं? पण नाव तर घातलं नव्हतं. मग दाखवणार कोणाला? की टपरीवर हसलेल्यांबरोबर आपणही हसायला लागलो की हसं आपलं होत नाही — एवढाच हिशेब होता? आणि खाली का लिहिलं, तर वर जागा नव्हती म्हणून. असं मी स्वतःला सांगत आलो. वर्षानुवर्षं.

संध्याकाळी दुकानं उघडली. फळ्यापुढे गर्दी झाली. दादाच्या दुकानात पातेलं घ्यायला आलेल्या एका बाईने त्यालाच विचारलं, "तुमचीच ना हो ती पळणारी?" दादा तसा रागीट नाही. पण गिऱ्हाईक पदराआड हसलेलं त्याला सोसलं नाही. तो गल्ला उघडा टाकून दिवाकरच्या दुकानात गेला. जाताना मला हाक मारली. मी गेलो त्याच्यामागे. न जाऊन कसं चाललं असतं?

दिवाकर एका उघड्या रेडिओवर वाकला होता. बाहेर काय लिहिलंय ते तोवर त्यानेही वाचलेलं होतं.

"दादा, मी नाही लिहिलं," तो म्हणाला. "पोरीला मीच पळायला लावलं. मी कशाला लिहू?"

"खालचा भाग कोणाचा?" दादाने विचारलं.

दिवाकरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रेडिओचं मागचं झाकण काढल्यावर बिघाड कुठे आहे ते दिसतं ना, तेव्हा तो जसा बघायचा, तसं. वाट बघितली त्याने थोडी. मग दादाच माझ्याकडे वळला. "बाळू, तू सांग."

मी म्हणालो, "खाली मी त्याला विचारल्याशिवाय कधी लिहीत नाही, दादा."

खोटं होतं का ते? त्या दिवसापर्यंत अगदी खरं होतं. खोटं बोलण्याची हिंमत नसलेला माणूस असंच बोलतो.

दिवाकर म्हणाला, "खालचा भाग माझाच आहे, दादा." बस. सोल्डरिंगचं पेन उचललं आणि पुन्हा रेडिओवर वाकला.

तो का बोलला नाही? एका छपराखाली राहणारे दोन भाऊ त्याला तोडायचे नव्हते? की मी आपणहून बोलेन म्हणून वाट बघत राहिला? मी कधी विचारलं नाही.

वैशूचं स्पर्धेला जाणं रद्द झालं. पळणंही थांबलं. रडून झाल्यावर ती वर माझ्याकडे आली, हातात बूट. "काका, हे त्यांना देऊन या. मला त्यांचं तोंड बघायचं नाही." मी त्या रात्री दादाजवळ एकदा पुटपुटलो, की जाऊ दे तिला. दादा ऐकणार नाही याची खात्री होती म्हणून पुटपुटलो. वैशूने ते जिन्यातून ऐकलं.

बूट मी नेऊन दिले. दिवाकरने ते दुरुस्तीला आलेल्या रेडिओंच्या फळीवर ठेवले. तिथेच राहिले ते; फळ्यावर लिहिताना मान जरा वळवली की दिसायचे. मान न वळवता लिहायची मला सवय झाली. हो, मी लिहीत राहिलो. दिवाकरने मात्र पुन्हा खडू हातात घेतला नाही. मॅच असली की लोक दुकानात डोकावून स्कोअर विचारायचे, तो तोंडी सांगायचा. फळ्याचा खालचा अर्धा कोरा राहिला. पुढे मोबाईल आले, मंडळाने फळ्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकला, आणि संपलं.

वैशू नांदगावला दिली. जावई चांगला आहे. दिवाळीला येते तेव्हा मुलांना सांगते, "घरात एकटे काकाआजोबा माझ्या बाजूने बोलले होते." मुलं माझ्याकडे बघतात. मी त्यांना दुसरी एखादी गोष्ट सांगतो.

दिवाकर रस्त्यात भेटला की म्हणायचा, "काय संपादक?" तेवढंच. शेवटपर्यंत.

तो गेल्या पावसाळ्यात गेला. वैशू तेव्हा माहेरी आली होती. दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, निघताना मी तिला विचारलं, "येतेस?" ती म्हणाली, "त्या माणसाच्या? नाही, काका. तुम्ही जाताय हाच तुमचा मोठेपणा." आणि मी जाताना उपाशी नको म्हणून तिने माझ्यासाठी चहा टाकला. तेव्हा सांगता आलं असतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. मी चहा प्यालो. कप विसळून ठेवला.

गंगेवर पिंड ठेवला आणि आम्ही मूठभर माणसं कावळ्याची वाट बघत उभे होतो. कावळा लगेच शिवला. दिवाकरचं काहीच मागे राहिलं नव्हतं. तिथे उभं असताना मला तो फळा दिसला — त्या दुपारचा, स्वच्छ. सौंदर्यस्पर्धांचा मजकूर आदल्या दिवशीचा. तो मी सकाळीच पुसला होता. त्या जागी फक्त तारीख आणि सुविचार होता.

वर जागा होती.