भोरड्या आणि क्लचची वायर

माझी बदली भातकुली तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर झाली, तेव्हा त्या गावाला दिवसातून दोनदा एसटी यायची, आणि तीही पाऊस नसला तर. मी नर्स. आसपासची काही खेडी माझ्याकडे होती. बाळंतिणी, लसी, तापाच्या गोळ्या हे नेहमीचं काम होतंच. त्या वर्षांत आणखी एक काम आपसूक गळ्यात पडलं. ज्या घरातला माणूस फवारणीचं औषध पिऊन गेला, त्या घरात कुणी पोटुशी असली किंवा कुणाच्या मांडीवर तान्हं असलं, की मला जावं लागायचं. बाळाचं वजन करायचं, आईची खालची पापणी ओढून रक्त किती ते पाहायचं. त्यापुढे काय बोलायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी काटा आवरायची आणि निघायची.

चालून चालून पाय दुखायला लागले तेव्हा मला भावाची मोटारसायकल आठवली. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला होता आणि गाडी अकोल्याला, जुन्या शहरात, आईच्या घरासमोर ताडपत्रीखाली पडून होती. चालवायला त्यानेच मला कॉलेजात असताना शिकवलं होतं. आई म्हणाली, "स्कूटी घे ना. हे घोडं काहून घेतं?"

मी म्हटलं, "स्कूटीचं चाक त्या मातीत फिरणार नाही."

ते खरंच होतं. पावसाळ्यात काळी माती चाकाला घट्ट मळलेल्या कणकेसारखी चिकटते. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती इतकी बसते की चाक जागच्या जागी थांबतं आणि गाडी ओढत न्यावी लागते. मोठं चाक थोडं तरी तग धरतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं गॅरेज होतं. चाचा आणि चाची आम्हाला लहानपणापासून ओळखत. मी ढकलत नेलेली गाडी पाहून चाचा म्हणाले, "बेटा, मी चालू करून देतो. पण उद्या तिकडं खेड्यात बंद पडली तर मी कुठून येऊ? हात काळे करशील?"

केले. शनिवारी संध्याकाळी मी आईकडे यायची आणि रविवारी सकाळी गॅरेजात बसायची. प्लग काढून काजळी घासणं, कार्बोरेटरमधला कचरा फुंकून काढणं, चेन रॉकेलने धुऊन तेल देणं, ब्रेक आवळणं. चाचांची बडबड अखंड चालायची आणि तिचा इंजिनाशी काही संबंध नसायचा. त्यांना मासे धरायचा नाद होता. कुठल्या तलावात मरळ आहे, कुठल्या डोहात कतला, आणि मागच्या रविवारी हातातून निसटलेली कशी हातभर होती, हे ऐकता ऐकता मी पुढचं मडगार्ड काढून उंच कसं बसवायचं ते शिकले. एक दिवस आपण कापडाने हात पुसतोय आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली आहे, हे लक्षात आलं. मी तिथेच उभी राहून नुसता तो आवाज ऐकत राहिले. इतके सुटे सुटे तुकडे, बोटांनी पुसलेले, परत जागेवर लावलेले, आणि आता ते सगळे मिळून धडधडत होते. बाळंतपणात बाळाचं पहिलं रडणं ऐकून छातीत जे होतं, त्याच्या जवळचं काहीतरी झालं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. लोक हसले असते.

महिन्यातून एखाद्या रविवारी चाचा गॅरेज बंद ठेवून बाहेर पडत. चाची मागे बसायच्या. त्यांचं लक्ष रस्त्याकडेच्या झाडांवर: कुठे आवळा आहे, कुठे भाजीचा तरोटा कोवळा आहे. सोबत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब असत. त्यांची गाडी चाचांच्या गाडीपेक्षाही जुनी होती आणि तिच्या डिकीत हातोडी असायची. त्यांना दगडांचा नाद. नदीच्या पात्रात उतरून ते तासन् तास वाकून चालायचे, आणि एखादी ओबडधोबड गारगोटी फोडून आतले स्फटिक दाखवायचे तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा व्हायचा.

"तुमाले कायचा नाद आहे?" त्यांनी मला पहिल्याच वेळी विचारलं.

मी म्हटलं, "मी नुसती गाडी चालवते."

"चालते," ते म्हणाले. "तेही चालते."

आईला हे फिरणं पटत नव्हतं. "लोकायच्या घरी सुतक चालू आहे अन् तू फिरून राहिली," ती एकदा म्हणाली. तिचं बोलणं मनात घेऊनच मी त्या रविवारी निघाले. आदल्याच आठवड्यात मी एका मुलीच्या घरी जाऊन आले होते. मुलगीच म्हणायची, वय तेवढंच होतं. नवरा जाऊन महिना झाला होता आणि मांडीवर सव्वा महिन्याचं बाळ होतं. मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही. बाळाचं वजन वाढत नव्हतं.

दिवाळी जवळ आली होती. आम्ही अकोट मागे टाकून सातपुड्याच्या पायथ्याकडे गेलो. दुपारभर चाचा तलावाच्या काठावर गळ टाकून बसले, गार्डसाहेब ओढ्यात उतरले, आणि मी चाचींबरोबर सीताफळं शोधत फिरले. पिकायला आलेलं, डोळे उघडलेलं सीताफळ कसं ओळखायचं ते त्यांनी दाखवलं. ओटीभर फळं झाली. चाचांना बोटाएवढी मासळी मिळाली, ती त्यांनी परत पाण्यात सोडली आणि वर सांगितलं, "तिची अम्मी फिकर करत असेल."

उन्हं उतरताना परत निघालो. रस्ता कच्चा होता, दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन. मी गिअर बदलायला क्लच दाबला आणि हँडलवरचा दांडा सैल होऊन बोटात आला. वायर तुटली होती. गाडी आचका देऊन बंद पडली.

चाचा मागे फिरून आले. पाहिलं आणि खाली बसलेसुद्धा नाहीत. "वायर आहे ना डिकीत? टाक."

"मी?"

"मग काय मी? मले तंबाखू मळू दे."

वायर टाकताना आधी हँडलकडचं टोक अडकवायचं, मग ती टाकीखालून ओवायची, मग इंजिनाजवळचं टोक बसवायचं आणि शेवटी नट फिरवून ताण नीट करायचा. मी हे गॅरेजात चाचांसमोर केलं होतं, पण रस्त्यावर कधी नाही. ज्या बांधाजवळ गाडी थांबली होती, तिथे मात्र कपाशी नव्हती. ज्वारी होती. दूरवर नजर टाकली तरी एवढा एकच पट्टा ज्वारीचा, पुरुषभर उंच, कणसं भरलेली. मध्ये लाकडी माळा बांधलेला आणि त्यावर एक म्हातारी बाई, पदर कमरेला खोचून, हातात गोफण.

"काय झालं वो?" ती वरून ओरडली.

"वायर तुटली," मी ओरडले.

"बसा मंग. आता येतीलच ते."

कोण येतील ते मला कळलं नाही. मी खाली वाकून वायर ओवत होते. आधी आवाज आला. लांब कुठेतरी कुणी सुपात वाळलेल्या शेंगा पाखडत असावं तसा. मग तो वाढला. मग माझ्या हातावर, टाकीवर, रस्त्याच्या धुळीवर सावली सरकली, आणि मी वर पाहिलं.

आभाळात पाखरं होती. किती होती ते सांगायला माझ्याकडे शब्द नाही. जिथवर मान वळत होती तिथवर होती. भोरड्या. एकेकटी भोरडी मी लहानपणापासून पाहिली होती, काळं डोकं, अंग फिकट गुलाबी. पण हे वेगळंच काही होतं. सगळा थवा एका अंगाने वळायचा आणि आभाळ काळं व्हायचं, दुसऱ्या अंगाने वळायचा आणि उतरत्या उन्हात तेच आभाळ गुलाबी होऊन उजळायचं. थवा ताणला जायचा, लांब पातळ पट्टा व्हायचा, परत गोळा होऊन घट्ट व्हायचा. एक ससाणा वरून त्यात घुसला, आणि जिथे तो घुसला तिथे थव्याला भोक पडलं, आरपार पलीकडचं आभाळ दिसलं, आणि ससाणा बाहेर पडायच्या आत ते भोक भरून आलं. एकही पाखरू दुसऱ्यावर आदळलं नाही. पंखांचा वारा आमच्या चेहऱ्यावर येत होता.

चाची हळूच म्हणाल्या, "सुबहानल्लाह." चाचांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली होती. गार्डसाहेबांनी टोपी काढली होती.

म्हातारीने मात्र गोफण बाजूला ठेवून दिली होती. ती माळ्याच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि वर पाहत होती.

"मावशी, हाकलत नाही काय?" मी विचारलं. "ज्वारी खातील ना."

"खाल्ली दिवसभर. मी बी हाकललं दिवसभर, गळा बसला माहा. आता त्याईची झोपायची वेळ. आता कोणी खात नाही," ती म्हणाली. "आता मी नुसती पायतो."

"रोज?"

"रोज. दुसरं काय आहे इथं पायाले?"

नंतर तिने सांगितलं की आजूबाजूच्या सगळ्यांनी ज्वारी सोडली. तिच्या पोरांनीही बाकीच्या वावरात कपाशीच लावली. हा पट्टा तिने हट्टाने ठेवला, ढोरांना कडबा आणि घराला भाकर पाहिजे म्हणून. त्यामुळे साऱ्या शिवारातली पाखरं तिच्या एकटीच्या ज्वारीवर यायची. हे सांगताना ती पाखरांना शिव्या देत होती, आणि नजर खाली करत नव्हती.

मग कुणी इशारा दिल्यासारखा सगळा थवा नाल्याकाठच्या बाभळींवर ओतला गेला. झाडांच्या फांद्या वाकल्या. कलकलाट इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, आणि हळूहळू, अंधार दाटला तसा, तो निवत गेला.

माझ्या हातात वायरचं टोक अजून तसंच होतं. मी ते बसवलं. पहिल्यांदा जास्तच आवळलं गेलं, चाचांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "थोडी ढिली ठेव, वायरले खेळ पायजे." मग गाडी चालू झाली. निघताना चाचींनी निम्मी सीताफळं म्हातारीच्या पदरात टाकली.

दोन दिवसांनी मी त्या मुलीच्या घरी गेले. बाळाचं वजन केलं. नेहमीचे प्रश्न विचारायचे होते, पण का कोण जाणे, मी ते विचारलेच नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि भोरड्यांची गोष्ट सांगितली. गाडी कशी बंद पडली इथपासून. ससाण्याने पाडलेलं भोक कसं भरून आलं ते हातांनी करून दाखवलं. तिची सासू चुलीपाशी थांबून ऐकत होती.

मुलीने विचारलं, "कोण्या गावाकडं?"

मी सांगितलं.

"आमच्या इकडं बी येत होते. माह्या माहेरी ज्वारी राहे," ती म्हणाली. "आबा मले माळ्यावर बसवत. माहा नेम भावापेक्षा चांगला होता."

"खरंच?" सासू म्हणाली. "कधी बोलली नाहीस."

मग ती बोलत राहिली. गोफणीची दोरी कशाची वळायची, दगड केवढा घ्यायचा, डबा वाजवताना म्हणायची गाणी. बोलता बोलता तिने बाळाला पदराखाली घेतलं आणि ते बराच वेळ पीत राहिलं. त्या एका दिवसाने तिचं दुःख सरलं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी मी आवाज देण्याआधी ती दारात आली होती, आणि दिवाळीनंतर बाळ काट्यावर चांगलं भरलं.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत आम्ही परत गेलो. या वेळी सकाळीच. म्हातारीने आम्हाला ओळखलं आणि पाहुणे म्हणून बसू दिलं नाही. गार्डसाहेबांच्या हातात रिकामा डबा दिला, चाचींना बांधावर उभं केलं, मला माळ्यावर चढवलं. दिवसभर आम्ही ओरडलो, डबे वाजवले. माझ्या गोफणीचा पहिला दगड पुढे जायच्या ऐवजी मागे गेला आणि चाचा थोडक्यात वाचले.

संध्याकाळी थवा आला, बाभळींवर बसला. तेव्हा चाचींना बांधाखाली एक भोरडी सापडली. कशाला तरी धडकून गुंगलेली असावी. त्यांनी ती पदरात घेऊन माझ्याकडे आणली, मी नर्स म्हणून. जखम दिसत नव्हती. मी तिला ओंजळीत घेतलं. वजन जाणवतच नव्हतं, नुसती ऊब. छातीवरची गुलाबी पिसं जवळून पाहिली तर राखाडी धूळ मिसळल्यासारखी होती. सवयीने मी बोट तिच्या छातीवर ठेवलं, ठोके मोजायला. मोजता येईनात. ते इतके भराभर पडत होते की बोटाखाली एकच थरथर लागत होती.

म्हातारी वाकून पाहत होती. एवढी वर्षं हाकललेलं पाखरू तिनेही इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तिने एका बोटाने त्याचं डोकं कुरवाळलं.

मी ओंजळ उघडली. भोरडी थोडा वेळ तशीच बसून राहिली, नखं माझ्या तळव्यात रुतवून. मग उडाली, बाभळींकडे, आणि त्या कलकलाटात शिरली.